गावाला जमीन, मुंबईत घर: शेती आणि शेतीधंद्याच्या कर्जाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भांडुपला राहते, गाव सिंधुदुर्गात, आणि गावाला आमचं काजूचं छोटं युनिट आहे, भाऊ बघतो, कागदपत्रं आणि बँक मी बघते. गेली काही वर्षं मंडळाच्या पूजेला जा, लग्नाला जा, नाहीतर तुतारी एक्स्प्रेसमध्ये सीट मिळून शांत बसा, कोणीतरी विचारतंच, ताई ते शेतीचं लोन कसं गं मिळतं. मग फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलं. व्याजदर आणि मर्यादा बजेटनंतर बदलत राहतात, त्यामुळे सही करायच्या आधी शाखेत एकदा विचाराच.

मी मुंबईत नोकरीला आहे, शेती गावाला भाऊ करतो. मला पीक कर्ज मिळेल का?

सातबारा तुमच्या नावावर असेल आणि त्या जमिनीत खरंच पीक घेतलं जात असेल तर मिळू शकतं. फक्त तुमचं पगाराचं खातं मुलुंडच्या शाखेत आहे म्हणून तिथे अर्ज करू नका, ते तुम्हाला परतच पाठवतील. प्रत्येक गाव कुठल्यातरी बँक शाखेला दत्तक दिलेलं असतं, अर्ज तिथेच करायचा, कारण त्यांचा माणूस जमीन बघायला येतो.

आणि एक गोष्ट जी मुंबईकर हमखास विसरतात ती म्हणजे पीक पाहणी. २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर आपणच नोंद करायची असते, ती केली नाही आणि सातबाऱ्यावर जमीन पड दिसली तर कलमं कितीही डोलत असली तरी कागदावर पीक नाही, मग पीक कर्ज कशावर देणार? भावाच्या मोबाईलवर ॲप टाकून द्या, दर हंगामाला आठवण करा.

व्याज किती लागतं? शून्य टक्के म्हणतात ते खरं का?

खरं आहे, पण अट आहे. किसान क्रेडिट कार्डवर ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर केंद्राकडून ३ टक्के सूट, म्हणजे राहिले ४. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तेही राज्य सरकार भरतं, म्हणून शून्य. पण हे सगळं "वेळेत" या एका शब्दावर अवलंबून आहे. तारीख चुकली की सूट गेली. आमच्या शेजारच्या काकांनी पाच दिवस उशिरा भरलं, पैसे होते हो त्यांच्याकडे, पण ते मुंबईला मुलीकडे आले होते आणि तारीख डोक्यातून गेली. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

२०२५ च्या बजेटमध्ये ही ३ लाखांची मर्यादा ५ लाख करायची घोषणा झाली होती, तुमच्या शाखेत सवलतीचं व्याज कितीपर्यंत लागू आहे ते विचारून घ्या.

किती रक्कम मिळेल ते कसं ठरतं?

मॅनेजरच्या मर्जीवर नाही, हिशोब ठरलेला असतो. प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक पिकाचा पीक कर्ज दर, म्हणजे एकरी किती कर्ज द्यायचं ते ठरतं, तो गुणिले तुमचं क्षेत्र, वर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरच्या खर्चासाठी, आणि २० टक्के अवजारं-पंप वगैरेच्या देखभालीसाठी. समजा दर एकरी ६०,००० आहे आणि २ एकर आहे, तर १,२०,००० अधिक १२,००० अधिक २४,००० असे १,५६,००० झाले. कार्ड ५ वर्षांचं असतं आणि दरवर्षी मर्यादा १० टक्क्यांनी वाढते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आधी ही मर्यादा १.६ लाख होती. ३ लाखांपर्यंत प्रोसेसिंग आणि पाहणीची फी बँकांनी घेऊ नये असं २०१९ मध्येच ठरलंय. मागितलीच तर पावती मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

सातबाऱ्यावर आजोबांचं आणि अजून चौदा जणांचं नाव आहे. आता?

कोकणातल्या माणसाचा हा खरा प्रश्न. कर्ज अडतं ते बँकेत कमी आणि सातबाऱ्यावर जास्त, हे मी अनुभवाने सांगते.

पहिलं काम वारस नोंद. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली असली तरी अर्ज करता येतो, ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइनसुद्धा होतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस, हरकत आली नाही की फेरफार मंजूर. त्यानंतर तुमचं नाव लागतं, पण लागतं सगळ्यांबरोबर, सामाईक. सामाईक जमिनीवर बँक बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती मागते, आणि एक काका अंबरनाथला, आत्या बडोद्याला, एक चुलत भाऊ कुठे आहे तेच माहीत नाही, अशी परिस्थिती.

यातून दोन वाटा आहेत. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी करून स्वतंत्र सातबारा काढा, थोडा वेळ जातो पण कायमचं काम होतं. नाहीतर ज्यांना शेती नकोच आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र. आम्ही बँकेला लागणाऱ्या संमतीपत्रावर सह्या घेतल्या त्या गणपतीत. सगळे गावाला होते, आरती झाली, जेवणं झाली, आणि मी कागद काढले. आधी महिनाभर प्रत्येकाला फोन करून समजावलेलं होतं की हे जमीन विकायचं काम नाहीये, तुमचा हिस्सा कुठे जात नाहीये. आमची आत्या शेवटपर्यंत घाबरत होती, तिला अख्खा कागद वाचून दाखवला मग तिने सही केली. ही भीती खरी असते, तिच्यावर चिडू नका, आपल्या लोकांनी जमिनी गमावलेल्या आहेत सह्यांमुळेच.

इतर हक्काचा रकाना पण नीट वाचा. कित्येकांच्या सातबाऱ्यावर भूविकास बँकेचा जुना बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून दिसतो. ती कर्जं माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला, तरी तुमच्या उताऱ्यावरून बोजा उतरलाय का ते तुम्हीच बघायचं.

सोसायटी, जिल्हा बँक की राष्ट्रीयीकृत बँक? आणि बीकेसीला नाबार्डमध्ये जाऊन कर्ज मिळतं का?

नाही मिळत. नाबार्ड १९८२ ला सुरू झाली, ऑफिस आपल्याच वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पण ती बँकांना पैसा पुरवते, एकट्यादुकट्या शेतकऱ्याला देत नाही. सहकारात वर फोर्टमधली राज्य सहकारी बँक, तिच्याखाली जिल्हा बँक, आणि गावात विकास सोसायटी. छोट्या पीक कर्जाला सोसायटी बरी, सचिव ओळखीचा असतो, सभासद व्हा, शेअर्स घ्या, काम होतं. युनिट, गोदाम, मशिनरी असेल तर मोठ्या बँकेत जा. बँकांना त्यांच्या कर्जातला १८ टक्के हिस्सा शेतीला द्यावाच लागतो, त्या १८ पैकी १० अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, त्यामुळे आपण भीक मागायला आलोय अशा चेहऱ्याने शाखेत बसू नका.

काजू, आंबा, कोकम प्रक्रिया युनिट टाकायचंय. कर्ज कसं घ्यायचं?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आम्ही चुकलो ते इथेच.

आम्ही पीएमएफएमई योजनेतून केलं, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रियावाली, २०२० ची. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आपला स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँक. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिला सरकार पैसे देतं, तुम्ही द्यायचे नाहीत. दुसरा पर्याय पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के. ही खादी आयोगाकडून चालते, त्यांचं मुख्यालय विलेपार्ल्याला आहे. छोटं काही असेल तर मुद्रा कर्ज, ५०,००० च्या आतल्यापासून १० लाखांपर्यंत, आणि आधीचं 'तरुण' गटातलं (५ ते १० लाखांचं) मुद्रा कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत.

आता चूक. आम्ही बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, सगळ्याला कर्ज घेतलं आणि खेळत्या भांडवलाचा विचारच केला नाही. काजूचं गणित असं की बी येते मार्च ते मे, आणि वर्षभर चालेल एवढी बी तेव्हाच घेऊन ठेवावी लागते. बीमधून गर निघतो साधारण २५ ते ३० टक्के, विक्री होते हळूहळू, गणपती, दिवाळी, लग्नसराई. म्हणजे पैसा तीन महिन्यांत जातो आणि बारा महिन्यांत परत येतो. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडची बी संपली. नवीकोरी मशिनं झाकून ठेवलेली, फोडायला येणाऱ्या बायका घरी बसलेल्या, आणि हप्ता मात्र चालू. तो पावसाळा मला आठवला की अजून पोटात गोळा येतो.

मग कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे काढता-भरता येतात ते खातं, मागायला गेलो. बँका छोट्या उद्योगाला वर्षाच्या अंदाजे उलाढालीच्या २० टक्के मर्यादा देतात, नायक समितीचं सूत्र म्हणतात त्याला. ६० लाख उलाढाल धरली तर गरज १५ लाख, त्यातले १२ बँकेचे आणि ३ आपले. पण हे सूत्र पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं धरून केलेलं आहे. काजूत तो फिरत नाही. वर्षाची बी समजा ४० लाखांची असेल तर १५ लाखांत जेमतेम साडेचार महिन्यांची बी येते. शाखेतले साहेब पहिल्यांदा सरळ सूत्र लावून मोकळे झाले. दुसऱ्या वेळी मी महिन्यावार तक्ता करून नेला, कुठल्या महिन्यात किती बी घेणार, किती गर विकणार, खात्यात किती शिल्लक राहणार, आणि मार्च ते मेसाठी वाढीव हंगामी मर्यादा द्या असं लेखी मागितलं. सगळी नाही मिळाली पण बरीचशी मिळाली. त्यामुळे हे माझं कळकळीचं सांगणं आहे की मशीन एक लहान घ्या, हवंतर सेकंडहँड घ्या, पण खेळतं भांडवल त्याच अर्जात मागा.

कॅश क्रेडिट घेतलं की दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि मालाचा विमा लागतो. स्टेटमेंट थकलं की मर्यादा असूनही पैसे काढता येत नाहीत.

अनुदान आधी हातात मिळतं का? एजंट म्हणतो काम करून देतो.

हातात मिळतच नाही. पीएमएफएमई आणि पीएमईजीपी दोन्हीत ते बँकेकडे येतं, वेगळं ठेवलं जातं, आणि ३ वर्षं खातं व्यवस्थित चाललं तर कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही हा फायदा. म्हणजे खातं बुडीत गेलं तर अनुदान पण गेलं. जो एजंट अनुदानातले टक्के आगाऊ मागतो त्याला दारातूनच वाटेला लावा. आणि अनुदान आहे म्हणून धंदा काढू नका. शेळीपालनात राष्ट्रीय पशुधन अभियानातून ५० टक्के अनुदान आहे हे ऐकून ज्यांनी आयुष्यात शेळी सांभाळली नाही त्यांनी शंभर शेळ्यांचे प्रकल्प टाकलेले मी बघितलेत. आधी दहा शेळ्या घ्या, एक पावसाळा काढा, मग बँकेत जा.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बँक नेमकं काय बघते?

हप्ता आणि व्याज भरायला वर्षाला १०० रुपये लागत असतील तर धंद्यातून निदान १२५ ते १५० उरतात का, हे. बाकीची चाळीस पानं त्याच्याभोवतीच असतात. सीएकडून रिपोर्ट करून घ्या, पण आतले आकडे तुमच्या तोंडपाठ हवेत. लाईट बिल, मजुरी, बीचा भाव, आणि माल कोण घेणार. दादर, लालबागच्या दोन-तीन दुकानदारांचं साधं लेखी पत्र की आम्ही महिन्याला एवढा गर घेऊ, त्याचा आमच्या वेळी खूप उपयोग झाला. उद्यम नोंदणी आणि अन्न परवाना आधी काढून ठेवा.

भाव पडलाय, माल ठेवायचाय पण पैशाची नड आहे.

शेतमाल तारण कर्ज. पणन मंडळाची योजना, १९९० पासून चालू, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, ६ महिने मुदत. काजू बी त्यात बसते, सोयाबीन, तूर, हळद, बेदाणा पण बसतात. दुसरं, नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, ती गहाण ठेवून बँक कर्ज देते. इतकी चांगली सोय असून लोक वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, मे महिन्यात पडेल भावाला बी देऊन टाकतात.

स्वतःचं गोदाम, शीतगृह, पॅकहाऊस बांधायचं असेल तर कृषी पायाभूत सुविधा निधी बघा, २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत आणि वर सरकारची पतहमी. वाटपाची मुदत २०२५-२६ पर्यंतची ठरलेली होती, म्हणून अर्जाआधी पोर्टलवर मुदत बघा.

वाशीचा दलाल आंब्यासाठी उचल देतो, बिनव्याजी. बँकेपेक्षा सोपं नाही का?

सोपं आहे हे मान्य. फवारणीला डिसेंबर-जानेवारीत पैसे लागतात, फोन केला की मिळतात, ना सातबारा ना सही. पण मग सगळ्या पेट्या त्याच गाळ्यावर पाठवायच्या, आणि भाव तो सांगेल तो. पेटीमागे ५०-१०० रुपये कमी मिळाले आणि तुमच्या ४०० पेट्या असतील तर २० ते ४० हजार गेले, बिनव्याजी कसलं मग ते. सगळेच दलाल तसे नसतात, पिढ्यान् पिढ्यांचे चांगले संबंध पण आहेत, अडीनडीला, आजारपणाला तेच धावून येतात. तरी फवारणीचा खर्च तरी पीक कर्जातून काढा म्हणजे निदान निम्म्या पेट्या दुसरीकडे पाठवायची मोकळीक राहते. आणि हिशोबपट्टी जपून ठेवा, २०१६ पासून फळं-भाजीपाल्यावर अडत (दलाली) शेतकऱ्याकडून कापायची नाही.

आमची शेती नाही पण मासेमारी आहे, वर्सोव्याला. आणि तबेलेवाल्यांना काय?

किसान क्रेडिट कार्ड २०१९ पासून मच्छीमार आणि पशुपालकांनाही आहे. डिझेल, बर्फ, जाळी, मजुरी, चारा यासाठी खेळतं भांडवल, त्यात २ लाखांपर्यंत व्याज सवलत. बोटीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना लागतो. मासळी सुकवून विकणाऱ्या बायकांनी बचत गटातून मागावं, एकटीला नाही म्हणतात ते गटाला हो म्हणतात.

मी शेतकरी नाही, मुंबईचाच. शेतीधंदा करायचाय.

महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३. पण प्रक्रिया, साठवण, पॅकिंग, निर्यात यासाठी कर्ज घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. खोटा शेतकरी दाखला देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, पुढे जमीन सरकारजमा होते.

सिबिल खराब आहे. कर्जमाफीची वाट बघू का?

बघू नका. २०१७ आणि २०१९ च्या माफीत खूप जणांना खरंच दिलासा मिळाला, पण माफी होईल म्हणून मुद्दाम थकवलं आणि यादीत नाव आलं नाही तर नवीन कर्ज बंद, शून्य टक्के बंद, आणि मग सावकार. सावकाराकडे जायचीच वेळ आली तर परवाना बघा. २०१४ च्या कायद्यानंतर शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, वर्षाला, महिन्याला नाही. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करून ती परत मिळू शकते.

मोहोर गळला, हप्ता भरता येत नाही.

तारीख उलटायच्या आधी शाखेत जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली तर पीक कर्जाचं पुनर्गठन होतं, मुदत वाढवून मिळते, पण खातं थकीत झाल्यावर गेलात तर अवघड होतं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, झाडांचे फोटो तारखेसकट ठेवा. पीक विमा २०२० पासून कर्जदारांना ऐच्छिक आहे, नको असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, पण माझं मत विचाराल तर घ्या.

कर्ज फिटलं. आता काही करायचं असतं का?

हो, आणि हे निम्मे लोक करत नाहीत. बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा, घ्या, गहाणखत केलं असेल तर गहाण सुटल्याचं मोचनपत्र, आणि ते घेऊन तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. महिन्याभराने नवीन सातबारा काढून इतर हक्काचा रकाना रिकामा झालाय का बघा. मूळ कागद बँकेत दिले असतील तर ते मोजून परत घ्या. आमचं पहिलं कर्ज फिटून आठ महिने झाले तरी बोजा तसाच होता, दुसऱ्या अर्जाच्या वेळी लक्षात आलं, आणि भावाला भर पावसात तीन खेपा माराव्या लागल्या.